सहा पन्नासची गाडी

आमच्या रेडिओ केंद्रावर कुठलाही कार्यक्रम सुरू होत नाही, तो लागतो. संपला की सुटतो. ऐकणाऱ्यांना श्रोते म्हणायची सोय नाही, ते प्रवासी. एकदा लातूरहून येणारे दातांचे डॉक्टर वेळेवर पोचले नाहीत, तेव्हा कंट्रोलर काकांनी स्वतः माइक ओढून घेतला आणि सांगितलं, "दातांची गाडी लातूरहून निघालेली आहे. वीस मिनिटं उशिरानं लागेल. प्रवाशांनी जागा सोडून जाऊ नये." डॉक्टर आले तेव्हा बाहेर दोन म्हातारे खरंच गाल धरून बसलेले होते.

काकांचं नाव दिगंबरराव, पण ते फक्त त्यांच्या आधार कार्डावर. मुरुडच्या स्टँडवर त्यांनी कंट्रोलर म्हणून आयुष्य काढलं. कुठली गाडी कुठं लागणार ते भोंग्यावर सांगायचं, वहीत वेळ टाकायची, ड्रायव्हरवर ओरडायचं. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, काका रेडिओत आले. इथं आम्ही सगळे बिनपगारी. आपापली कामं सांभाळून येतो, म्हणून कुणी कुणाला फार बोलत नाही. काका बोलतात.

बाहेरच्या खोलीत एक फळा आहे. सकाळी येऊन ते त्यावर दिवसाचं वेळापत्रक लिहितात: सुटण्याची वेळ, मार्ग, शेरा. शेऱ्यात "जलद", "जादा", "प्रत्येक थांब्यावर थांबेल" असलं काहीतरी असतं. शेवटचा शेरा सरपंचांच्या मुलाखतीसाठी राखून ठेवलेला. लिहून झालं की आमच्या ग्रुपवर मेसेज येतो, "आज सर्व गाड्या वेळेवर." दिवाळीच्या पाडव्यालाही आला होता. या माणसानं एक दिवस सुट्टी घेतलेली कुणाच्या पाहण्यात नाही.

स्टुडिओच्या काचेपलीकडं बोलणाऱ्याला इशारा द्यायची त्यांची पद्धत कंडक्टरची. पेन्सिलीनं काचेवर एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एकदा शेजारच्या गावचं भजनी मंडळ वेळ संपली तरी आवरेना. काकांनी एक टकटक दिली. पेटीवाले बुवा डोळे मिटून बसलेले. काकांना राग आला, त्यांनी लागोपाठ दोनदा मारली. बुवांनी तेवढी ऐकली. जन्मभर एसटीनं फिरलेला माणूस, दोन घंट्या ऐकल्यावर थांबेल कसा? त्यांनी नवा अभंग उचलला आणि तो बारा मिनिटं चालला. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो. काका कपाळावर हात मारून म्हणाले, "चूक आपलीच हाय. डबल बेल मी दिली. आता गाडी धाराशिवलाच थांबंल."

मी इथं आले ती बोलायला नाही, शिवायला. माझं माहेर गडचिरोलीकडं, आरमोरीच्या पुढं. सातवीनंतरची शाळा नदीपलीकडं होती म्हणून माझी सुटली. लग्न झालं, नवऱ्याला इकडं डाळमिलमध्ये काम लागलं, आणि भाताच्या मुलखातली मी ज्वारीच्या मुलखात आले. इथं माझं कुणी नव्हतं. तोंड उघडलं की माझी बोली ऐकून बाया हसायच्या, म्हणून मी मशीनवर मान घालून ब्लाऊज शिवत बसायची. केंद्राच्या भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून वाकळी लावायच्या ठरल्या, तेव्हा त्या शिवायचं काम माझ्याकडं आलं. मी मापं घेत होते, काका बघत होते.

"बाई, ह्याला धाव दोराच म्हणतेत का?"

मी सांगितलं, धाव दोरा कसा, कच्चा टाका कसा, आणि जाड सुईला मेण का लावायचं.

"हे आत जाऊन बोला."

"नाही जी. मला जमायचं नाही. मी सातवी शिकलेली."

"मी लई वर्षं भोंग्यावर बोललो," काका म्हणाले. "एक माणूस माझ्याकडं बघत नव्हता. सगळे गाडीकडं बघायचे. तुम्ही टाक्याचं बोला, लोक टाक्याकडं बघतेत. तुमच्याकडं कशाला बघायलेत?"

त्या एका वाक्यानं माझी भीती अर्धी गेली. उरलेली अर्धी अजून आहे. "सुई-दोरा" दर बुधवारी दुपारी असतो, आणि त्याचे जुने भाग रोज संध्याकाळी सहाला पुन्हा लागतात. शेतातून आलेल्या बाया तेव्हा ऐकतात. बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "तुमी त्या काजं-बटनवाल्या बाई ना?" तेव्हा या गावात मला पहिल्यांदा कुणी ओळखलं होतं.

भांडण लागलं ते या जानेवारीत. वैशाली मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख, कॉलेजात शिकवतात. दहावीच्या मुलांसाठी त्यांना संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात असा सलग अभ्यासवर्ग हवा होता. मध्ये सहा पन्नासला काकांची पाच मिनिटं येत होती. त्यांचा स्वतःचा असा तो एकच कार्यक्रम, "उद्याच्या गाड्या". उद्या काय काय लागणार ते वाचायचं, आणि शेवटी म्हणायचं, "आजची शेवटची गाडी सुटत आहे." वास्तविक त्यानंतरही दीड तास केंद्र चालू असतं. पण त्याला काका "मुक्कामी" म्हणतात.

"काका, समीकरण अर्धवट सोडून मुलांनी तुमच्या गाड्या ऐकायच्या का?" मॅडम म्हणाल्या.

"पोरांना पाणी प्यायला उठू द्या की. बार्शीच्या गाडीला बी येडशीला थांबा हाय."

"मग पाच वाजता घ्या."

"सहा पन्नास."

"साडेसातला?"

"सहा पन्नास."

केंद्राचं मशीन सांभाळणारे असलमभाई मोबाइल दुरुस्त करतात, त्यांच्याकडं सगळ्याला उपाय असतो. "कंट्रोलरसाहेब, रेकॉर्ड करून टाकू. सकाळी बोला, मी कधी बी लावतो. तुम्ही आरामात घरी बसून ऐका."

"घरी बसून," काका म्हणाले आणि खडू उचलला. मग फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "रेकॉर्डवर गाडी सुटत नसती, असलम."

"नवीन आजार काढला साहेबांनी," असलमभाई माझ्याकडं बघून हळूच म्हणाले.

रविवारच्या बैठकीत निकाल लावायचा ठरलं. मला झोप लागेना. मला या जागेवर आणलं काकांनी, हे खरं. पण मॅडमनी माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. म्हणजे या मार्चमध्ये मी स्वतः बाहेरून दहावीला बसणार होते. तो अभ्यासवर्ग माझ्यासाठीही होता. आणि मनातून मला वाटत होतं, काका हट्ट करून राहिले. आवाजाची हौस आहे, दुसरं काय.

त्याच आठवड्यात काकांनी माझ्याकडं काकूंसाठी दोन गाऊन शिवायला टाकले होते. सूचना भरपूर. बटणं नकोत, पुढून बंद लावा. खिसा मोठा ठेवा. मला वाटलं, काकूंचे हात दुखत असतील. शुक्रवारी शिवण आवरून मी गाऊन द्यायला गेले. स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. काका केंद्रावर गेलेले. शेजारची बाई भाकरी टाकत होती आणि कमलकाकू खाटेवर बसून खिशातल्या सुपाऱ्या पदरावर मांडत होत्या.

"कोणती गाडी तुमची?" त्यांनी मला विचारलं.

मी शेजारणीकडं बघितलं. ती म्हणाली, "सगळ्यांना तसंच इचारतेत. बसा."

"आत्ता एक म्हातारे होते इथं," काकू मला समजुतीनं सांगू लागल्या. "सकाळपासून बसलेत. चांगले हायत बिचारे, पाणी आणून देतेत. पण परक्या माणसानं किती बसावं? मी इचारलं, तुमची गाडी कधी हाय. सहा पन्नासची, म्हणले. मग गेले एकदाचे."

मी गाऊन मांडीवर धरून बसले. कोनाड्यातला रेडिओ चालू होता. सहा पन्नासला काकांचा आवाज आला. उद्या सकाळी सहाला भक्तिगीतं, सातला पीकपाणी, प्रत्येक थांब्यावर थांबेल. काकूंनी सुपाऱ्या भरल्या, उठल्या, केसांवरून हात फिरवला. "ह्येंची ड्युटी संपत आली," त्या म्हणाल्या. "शेवटची सोडली की येतेत." रेडिओवर शेवटची गाडी सुटली तशी त्यांनी ताट मांडलं आणि तांब्या भरून उंबऱ्याजवळ ठेवला.

सात वाजून पाच मिनिटांनी काका दारात आले.

"आलात?" काकू म्हणाल्या. "लई गर्दी होती का आज?"

"होती. बाजार होता ना अंबाजोगाईला."

ते मला बघून जरा ओशाळले. गाऊन बघितले, शिलाई ओढून बघितली, बंद बांधून बघितले. मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले.

"दिवसभर मी चुकून बसलेला पाशिंजर," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतेत, असंच राहणार. पण सहा पन्नासला बोललो आणि पंधरा मिनिटांत घरी पोचलो, की झोपेपर्यंत मी घरचा असतो. रेकॉर्ड लावलं आणि मी इथंच बसलो, तर ती म्हणंल, मालक ड्युटीवर हायत, तुम्ही निघा." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे फळ्यावर लिहायचं न्हाई बरं."

रविवारी बैठक भरली. मॅडमनी मुद्दा मांडला, काकांनी "सहा पन्नास" म्हटलं, असलमभाईंनी पुन्हा रेकॉर्डिंग काढलं. मॅडम म्हणाल्या, "मग हात वर करून ठरवू." बैठकीत मी आजवर चहा घेण्यापलीकडं तोंड उघडलेलं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले.

"मॅडम, मी दहावीची विद्यार्थिनी म्हणून बोलते जी. सात वाजता माझ्या घरी स्वयंपाक असतो. सहा पन्नासच्या पुढं माझं डोकं भाकरीत जातं. माझ्यासारख्या किती असतील. वर्ग सहा पाचला लावा, सहा पन्नासला सोडा. पंचेचाळीस मिनिटं सलग होतात."

"सहाला तुमचा सुई-दोरा असतो ना?"

"तो बुधवारी एकदा लागला तरी पुष्कळ आहे. शिवण पळून जात नाही."

असलमभाई म्हणाले, "बाई बोलल्या. लिहून घ्या, पुन्हा बोलतील न बोलतील." सगळे हसले. मॅडमनी वहीत नवी वेळ लिहिली. "विद्यार्थ्यांचंच म्हणणं असेल तर प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या, आणि हात वर करायची वेळच आली नाही.

काका फळ्यापाशी गेले. सहाच्या ओळीवर डस्टर धरलं, पण लगेच फिरवलं नाही. मग पुसलं, नवी वेळ लिहिली, आणि "शेरा" मोकळाच ठेवून दिला.

त्या संध्याकाळी मी घरी बीजगणिताचं पुस्तक उघडून बसले होते. सहा पन्नासला काका लागले. भक्तिगीतं, पीकपाणी, सगळं नेहमीसारखं. मग म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी सहाची सुई-दोरा गाडी बंद राहील. त्या गाडीच्या बाई अभ्यासाला बसलेल्या आहेत. प्रवाशांनी त्यांना मध्येच हात करू नये." शेवटी नेहमीचं वाक्य आलं, "आजची शेवटची गाडी सुटत आहे."

मी पुस्तक मिटलं आणि तवा ठेवला. स्टँडमागच्या गल्लीतही ताट मांडलं गेलं असणार, उंबऱ्याजवळ तांब्या भरला असणार. शेवटची गाडी सुटलेली असली की सातला पाच-दहा मिनिटं इकडं तिकडं झाली तरी तिथं चालतं. दार उघडंच असतं, आणि त्या वेळी घरी आलेल्या माणसाला कोणती गाडी म्हणून कुणी विचारत नाही.