तरसाचा डबा आणि कासवाचा ‘परंतु’

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी आपापलं खाऊन धडधाकट होते. आपण धडधाकट आहोत हे त्यांना कोणी सांगितलेलं मात्र नव्हतं. तेव्हा हे सुख किती दिवस टिकणार, ते तुम्हीच ओळखा.

एके दिवशी शहराच्या बाजूने भैरू नावाचा तरस आला. तरसाचे खांदे जन्मतःच भरदार असतात आणि मागचा भाग बसका असतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. त्या जंगलात शाळा नव्हती. आणि भैरू नेहमी सगळ्यांकडे तोंड करूनच उभा राही.

“उस्ताद, खांदे कशाने कमावलेत?” गव्याने विचारलं. हा गवा नुकताच पाठ खाजवता खाजवता एक साग आडवा करून आला होता.

“प्रोटीन,” भैरू म्हणाला. “तुमच्यात जरा कमी दिसतंय, मामा.”

“कशावरून?”

“सकाळी उठल्यावर आळस येतो?”

“येतो की.”

“मग! आणखी काय ढोल वाजवून सांगायचं शरीराने?”

त्या दिवशी गवा आयुष्यात पहिल्यांदा झाडाला टेकून बसला.

भैरूने एका गुहेत दुकान थाटलं. सुक्या भोपळ्यांचे डबे केले. प्रत्येक डब्यावर त्याचं स्वतःचं चित्र होतं, फक्त पुढच्या अर्ध्या भागाचं. अस्वल मध आणून देई आणि पावडर नेई. दुभत्या जनावरांनी चरवीभर दूध द्यायचं आणि चार चमचे पावडर न्यायची, असा दर होता.

गुहेखालच्या डबक्यात शास्त्रीबुवा राहत. हे एक म्हातारं कासव होतं आणि फार शिकलेलं होतं. शहरातल्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या खिडकीखालच्या हौदात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. खिडकी उघडी असे. त्यामुळे जीवरसायनशास्त्राची सगळी व्याख्यानं त्यांनी चाळीस चाळीस वेळा ऐकली होती. परिणाम असा झाला की बुवांना पुष्कळ कळे आणि खात्री कशाचीच वाटत नसे.

वर गुहेत काय चालतं ते त्यांना दिसत होतं. भैरू दूध तापवी, त्यात लिंबू पिळी आणि फाटलेलं दूध फडक्यात बांधून टांगून ठेवी. पनीर स्वतः खाई. फडक्यातून गळणारं हिरवट पाणी सुरुवातीला तो डबक्यात सोडत होता, पण मासे ओरडले. म्हणून तो ते पसरट दगडांवर वाळवू लागला. वाळलं की कुटायचं, गूळ मिसळायचा, पिकल्या केळ्याचा वास लावायचा. झाली पावडर.

‘पाणी म्हणजे काही अगदीच टाकाऊ नाही,’ बुवा मनाशी म्हणत. ‘त्यात प्रथिन असतंच. पण मग... असो.’

अशात एक दिवस भिंगरी म्हैस डबक्यापाशी आली. तिचं रेडकू अंगाने किरकोळ होतं. आणि म्हशींची एक रीत होती. पाऊस सरला की सगळा कळप नदी पोहून पलीकडच्या कुरणात जाई. ज्या रेडकाला पोहता येत नसे ते अलीकडे राही. अलीकडे वाघही राही.

नदी ओलांडायला आठ दिवस उरले होते.

“शास्त्रीबुवा, त्या पावडरीत काही दम आहे का हो?”

बुवांनी मान बाहेर काढली. “आहे असं म्हणता येईल. नाही असंही अगदीच म्हणता येणार नाही असं नाही.”

“अहो, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. हो की नाही तेवढं सांगा.”

“म्हणूनच घाई नको, बाई. कोणाला द्यायची, किती द्यायची, हे सगळं पाहावं लागेल. मला चार दिवस द्या.”

“चार! आठच राहिलेत.”

“मग साडेतीन.”

बुवा कामाला लागले. त्यांनी पावडर पाण्यात विरघळवून पाहिली. उन्हात ठेवून पाहिली. शंभर मुंग्यांना ती चारली, शंभर मुंग्यांना चारली नाही, आणि पुढे कोणत्या मुंग्या कोणत्या ते विसरल्यामुळे सगळं पुन्हा केलं. भिंगरी रोज चरवी घेऊन त्यांच्या डोक्यावरच्या वाटेने गुहेकडे जात होती. बुवांनी मान वर केली नाही. प्रयोग चालू होता.

चौथ्या दिवशी दुपारी पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. बुवांनी अहवाल वाचायला घेतला. इथे त्यांची चूक झाली. तो त्यांनी सुरुवातीपासून वाचला.

“सदर पावडर विषारी नाही. ती दुधापासून बनते आणि तिच्यातलं प्रथिन उत्तम प्रतीचं आहे. परंतु—”

‘परंतु’साठी कोणी थांबलंच नाही. गवा आनंदाने हंबरला. माकडांनी टाळ्या पिटल्या. भैरूने बुवांना उचललं आणि एका डब्यावर ठेवलं.

“ऐकलंत? खुद्द शास्त्रीबुवा!”

सुतार पक्षी लगेच शेजारच्या डब्यावर बुवांचं चित्र कोरू लागला.

“परंतु,” बुवा डब्यावरून सांगत होते, “जो पोटभर खातो त्याला तिची फारशी गरज नाही. दुधात, हरभऱ्यात, अंड्यातही तेच असतं. या गव्याने तर जन्मभर गवत खाऊनच साग पाडले. ज्याला म्हातारपणी चावत नाही, आजारात ज्याचं अन्न तुटलंय, त्याला मात्र कदाचित—”

“बुवा, हलू नका. नाक बिघडतंय,” सुतार पक्षी म्हणाला.

गर्दी पांगली. भिंगरी तेवढी थांबली. तिच्या मागे रेडकू उभं होतं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

“बुवा, एवढी उत्तम आहे, मग माझं पोर वाळत का चाललंय? सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. पाण्यातून. एक वेळ चुकवलेली नाही.”

“आणि दूध?”

“दूध कुठलं? ते सगळं उस्तादांकडे जातं. नाहीतर पावडर कशी मिळायची?”

बुवांची मान आत गेली. साडेतीन दिवस त्यांनी पावडर तपासली होती. चरवीकडे पाहिलंच नव्हतं. आईचं दूध वर जात होतं, त्यातलं पाणी वाळून खाली येत होतं, आणि पोर त्यावर जगत होतं.

अहवालाला एक पुरवणी जोडावी, असं आधी त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात रेडकाचे पुढचे गुडघे मुडपले आणि ते खाली बसलं.

बुवांनी मान बाहेर काढली आणि जन्मात पहिल्यांदा ‘परंतु’शिवाय बोलले.

“बाई, दूध पोराला पाजा!”

“सगळं?”

“सगळं!”

“तुमची खात्री आहे ना, बुवा?”

असा प्रश्न त्यांना कोणी विचारू नये. 

“आहे,” ते म्हणाले. आणि खोटं बोलल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

आठव्या दिवशी कळप नदीत उतरला. भिंगरीचं रेडकू मधल्या धारेपर्यंत गेलं. तिथे त्याचं नाक एकदा बुडलं. पुन्हा वर आलं. पुन्हा बुडलं. बुवा काठावर डोळे मिटून उभे होते. त्यांनी उघडले तेव्हा रेडकू पलीकडच्या चिखलात चार पायांवर उभं होतं आणि कान झाडत होतं.

“पाहिलंत!” अलीकडून भैरू ओरडला. “आठवडाभर पावडर, आणि नदी पार!”

“दुधामुळे!” बुवाही ओरडले. “चार दिवस ते आईचं दूध प्यायलं!”

तेवढ्यात पलीकडून भिंगरीची हाक आली. “उस्ताद, तुमचे फार उपकार! दूध पाजत होते, पण घरात उरलेली पावडर चिमूटचिमूट त्याच्या जिभेवर ठेवत होते हो! म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको!”

भैरूने बुवांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

“बुवा,” गव्याने विचारलं, “त्या चिमटीचा काडीचाही उपयोग झाला नाही, असं छातीठोकपणे सांगता?”

बुवांनी विचार केला. रेडकू एकच. तुलनेला दुसरं नाही. मुंग्यांचाही घोळ झालेला.

“छातीठोकपणे... नाही सांगता येणार,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी गुहेपुढे रांग लावली. प्रत्येकीकडे चरवी होती. प्रत्येकीच्या मागे एक करडू होतं. बुवा रांगेच्या बाजूने चालत “दूध पाजा, दूध पाजा” म्हणत होते. शेळ्या त्यांना वाकून नमस्कार करत होत्या, कारण डब्यावरचं चित्र त्यांनी ओळखलं होतं.

भैरूने त्यांना एक डबा फुकट पाठवला. बुवांचा जबडा अलीकडे चालत नव्हता आणि खाणं निम्म्यावर आलं होतं. सगळ्या जंगलात ज्याला त्या पावडरीची खरोखर गरज होती, असा एकच प्राणी होता. ते त्यांना अहवाल लिहितानाच कळलं होतं.

त्यांनी तो डबा उघडला नाही. तो उघडला असता तर लोक काय म्हणाले असते?

तात्पर्य: ज्याला खात्री असते त्याचा माल खपतो, आणि ज्याला शंका असते त्याचं चित्र त्या मालावर छापतात. तेव्हा मुलांनो, फार शिकू नका. शिकलातच, तर अहवाल शेवटाकडून वाचा. अर्थात, हे तात्पर्य एकाच रेडकावरून काढलेलं आहे.