नरांची रिकामी खिडकी

संख्या कमी करायची असेल, तर आधी नोंदवही मोठी करावी लागते. हे ज्याला कळलं त्याला प्रशासन कळलं. शहराच्या प्राणी विभागाला ते फार लवकर कळलं होतं, म्हणून कुत्र्यामांजरांची स्वस्त नसबंदी योजना निघाली तीच मुळी तीन जाड वह्या घेऊन.

योजना मोठी गुणाची. फी नावापुरती. अर्ज एकच (तीन प्रतींत). सोबत प्राण्याचे दोन फोटो, एक समोरून, एक शेपूट दिसेल असा. शेपूट नसल्यास तसं प्रतिज्ञापत्र. अर्ज दिल्यापासून सत्तराव्या दिवशी नंबर लागणार. त्या दिवशी मादी गाभण किंवा पिल्लांना पाजणारी निघाली, तर नंबर रद्द, नवा अर्ज. आता मांजर त्रेसष्ट दिवसांतच विते, ही तिची घाई. त्याला विभाग काय करणार?

पहिल्या वर्षी अर्ज आले एकशे बारा, शस्त्रक्रिया झाल्या नऊ (त्यांतल्या दोन एकाच कुत्रीच्या, फाइली दोन होत्या. दुसऱ्या वेळी ‘आत काही आढळले नाही’ असा प्रामाणिक शेरा आहे). दुसऱ्या वर्षी अर्ज चारशे एकतीस. लोकांचा प्रतिसाद चौपट झाला म्हणून मोठ्या साहेबांचा सत्कार झाला. प्रतिसाद नाही, मांजरं वाढलीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या नोकरीत नवीन होत्या.

शिवणकाम करणाऱ्या मावशी या चारशे एकतिसांत दोनदा मोजल्या गेल्या. त्यांची ढमी पहिल्या नंबराला गाभण निघाली, दुसऱ्याला लेकुरवाळी. दोन खोल्यांचं घर, त्यात भाऊ, वहिनी, शिलाई मशीन आणि आता एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाच्या अस्तरात जन्मलेली चार पिल्लं. पिल्लं कशीबशी लोकांच्या गळ्यात मारली. कोट मात्र भावाला भरून द्यावा लागला, तेव्हा वहिनींनी शांतपणे सांगितलं, "वन्सं, आता पुन्हा पिल्लं झाली, तर ढमीला टोपलीत घालून मी बाजारापलीकडे सोडून येईन." वहिनी बोलल्या की करतात. 

मावशी तिसरा अर्ज घेऊन गेल्या, तर पुन्हा सत्तर दिवस. ढमीला कोंडून ठेवा, असं खिडकीवरच्या कारकुनांनी सुचवलं. पण दिवसभर गिऱ्हाइकांसाठी उघड्या असणाऱ्या घरात मांजर कसं कोंडायचं, याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं.

तेवढ्यात मावशींची नजर शेजारच्या खिडकीवर गेली. वर पाटी, ‘नर’. समोर रांग नाही. आत एक कोरी वही आणि डुलक्या घेणारा शिपाई. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "बोका आज आणा, आज करते. दोन वर्षांत एकही आला नाही. मालकाची सही तेवढी लागेल."

मावशींना हुरूप आला. गल्लीतल्या सगळ्या पिल्लांना पिवळे कान होते, आणि तसे कान असलेला बोका एकच होता. गुबगुबीत, गळ्यात घुंगराचा पट्टा, म्हणजे घरंदाज. दुपारी तो कुंपणावरून निघाला, तशा मावशी खालून पाठोपाठ निघाल्या, हातात कोरा अर्ज घेऊन. दोन गल्ल्या, एक जिना, एक गॅलरी. बोका एका दारातून हक्कानं आत शिरला.

दार तुमचं होतं. तुम्ही मावशींना बसवलंत, पाणी दिलंत, विभागाच्या कारभारावर पोट धरधरून हसलात. अर्ज मात्र परत केलात. "अहो, आमचा तर बोका आहे," तुम्ही म्हणालात, "तो कुठे घरी पिल्लं आणतो?"

बोका नुकताच पुन्हा बाहेर पडलाय. मावशी अजून तुमच्या जिन्यात उभ्या आहेत, आणि तिकडे वहिनींनी माळ्यावरची टोपली खाली काढलीय.