डोमाजीची तिरपी घडी

आमच्या शेजारच्या डोमाजीला वेळ विचारणे हे सोपे काम नव्हे. प्रश्न कानी पडताच तो उठून उभा राही, दोन्ही हात छातीसमोर धरून अदृश्य स्टिअरिंग पकडी, मान किंचित पुढे काढी आणि मगच सांगे, "सव्वादहा." नागभीडच्या स्टेशनाबाहेरील टपरीवर त्यामुळे रोजची थट्टा ठरलेली. कोणी ओरडे, "डोमाभाऊ, ब्रेक मारा! समोर म्हैस हाये!"

त्यावर तो गंभीरपणे बजावी, "पोट्टेहो, हे डायवरची घडी हाये. गाडी सुरू केल्याबिगर टाइम दाखवत नाई."

त्यात असत्य काही नव्हते. त्या घडीची, म्हणजे मनगटी घड्याळाची, तबकडी मनगटाच्या माथ्यावर नव्हतीच. सोन्याच्या चौकटीत ती कडेला, अंगठ्याच्या बाजूने, तिरपी बसवलेली होती. चाकावरचा हात न हलवता वेळ दिसावी, अशी ती योजना. घडी जुनी, परदेशी, अतिशय दुर्मीळ. डोमाजी मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवीत असे, तेव्हा एका वृद्ध पाहुण्याने ती त्याला दिली. आपले हात आता कापतात, गाडी चालवणे सुटले, तेव्हा ही चालवणाऱ्याच्या मनगटी असावी, एवढेच त्याने दुभाष्याकरवी सांगितले. गंमत अशी, की त्या पाहुण्याला डोमाजी एकही वाघ दाखवू शकला नव्हता.

"वाघ दिसला असता त फोटो घेऊन गेला असता," डोमाजी म्हणे. "नाई दिसला, म्हून घडी देऊन गेला."

तिला रोज चावी द्यावी लागे, आणि तो मान त्याच्या पत्नीचा, अनसूयाबाईंचा. स्टिअरिंग धरून धरून बोटे आखडली, बारीक चावी पकडता येत नाही, अशी डोमाजीची तक्रार. विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधण्यात आयुष्य गेलेल्या बाईंची बोटे मात्र चपळ. सकाळी सडा टाकून झाला की त्या पदराला हात पुशीत, घडी न उतरवता त्याचे मनगट धरीत आणि चावी फिरवीत. माझ्या संध्येच्या वेळी कुंपणापलीकडे हा नित्यक्रम चाले, आणि मला तो देवपूजेहून निराळा वाटत नसे.

एकदा नागपूरचा कोणी शौकीन घडी विकत मागायला आला. डोमाजीने त्याला चहा पाजला आणि म्हटले, "घडी इकली त हे बाई सकाळी माहा हात काह्याले धरन?"

अनसूयाबाई आतून कडाडल्या, "लाज नाई वाटत तुमाले? पाहुण्यापुढं!"

मागच्या पौषात अनसूयाबाई गेल्या. तेरावे झाले, आप्त पांगले. दुसऱ्या सकाळी मी ओसरीवर जपास बसलो असता डोमाजी आला. त्याने मनगट पुढे केले.

"गुरुजी, एवढी चाबी देऊन देजा."

संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्या हातांना यंत्राची सवय नव्हती. जपून जपून मी ती फिरवली. मग तो रोज येऊ लागला. "भरली का जी?" असे विचारी; मी "भरली" म्हणे, आणि तो जाई. टपरीवर त्याची अदृश्य गाडी पूर्वीसारखीच सुरू होई. पण वेळ सांगून झाल्यावरही हात चाकावर तसेच राहत. लोकांनी थट्टा सोडून दिली.

एके दिवशी चावी फिरेना. मी थोडा जोर केला.

"अजी, नका! इस्प्रिंग तुटन," तो घाबरला.

"बिघडली की काय?"

"बिघडली नाई. भरली हाये थे."

"कोणी भरली?"

डोमाजीने आपल्या अंगणाकडे पाहिले. तेथे सडा नव्हता.

"मीच. पहाटं."

आखडलेल्या बोटांविषयी मी काही विचारले नाही. त्यानेही हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या सकाळी मात्र तो कुंपणापाशीच थांबला. आत येईना, परतही जाईना. मी हाक मारली, "या, डोमाजी. चावी राहिली आहे."

तो आला. जपमाळ खाली ठेवून मी त्याचे थंडगार मनगट दोन्ही हातांत घेतले आणि त्या आजही न फिरणाऱ्या चावीवर हलकेच बोटे फिरवीत राहिलो.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "भरली का जी?"

"नाही, डोमाजी. अजून थोडी बाकी आहे."