मुक्कामाचा गणपती

मालूताई दामले रस्त्यात दिसल्या की हातातली प्लास्टिकची पिशवी लपवायची, हा आमच्या कोपरीतला अलिखित नियम होता. लपवली नाही तर त्या पिशवी काढून घेत, आतली भेंडी तुमच्या ओंजळीत ओतत आणि विचारत, "ही कुणाच्या परवानगीने?" ओंजळीत अर्धा किलो भेंडी मावत नाही. उरलेली शर्टात घेऊन मी घरी गेलेलो आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पिशव्या नव्याने फुकट मिळू लागल्या होत्या आणि आम्ही त्यांच्यावर लट्टू होतो. पर्यावरण हा शब्द मुलांच्या पुस्तकात आला होता, आमच्या डोक्यात यायचा होता. मालूताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. झाड तोडणारे, भोंगा लावणारे, सगळ्यांना त्यांचा तोच प्रश्न. एकदा दुधात तोंड घालणाऱ्या मांजरालाही त्यांनी तो विचारला. मांजराने उत्तर टाळलं. बाकीचेही टाळतच.

मग बिल्डिंगमागच्या तळ्यात राबिटाचे ट्रक रिकामे होऊ लागले. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, काय वाट्टेल ते. अख्ख्या वस्तीने काय केलं? खिडक्या लावून घेतल्या, कारण धूळ येत होती. मालूताई अर्ज घेऊन पालिकेतल्या साहेबाकडे गेल्या. साहेब म्हणाला, कागदावर तिथे तळं नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी ज्यात गणपती बोळवले ते तळं याच्या कागदावर नाही म्हणे. डासांना बरं सापडायचं ते! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

त्या वर्षी मालूताईंचा दीड दिवसांचा गणपती निघाला. शाडूची वीतभर मूर्ती, पुढे झांज वाजवत मी. तळ्याकाठी पोचलो तर घाटाच्या पायऱ्यांवरच राबिटाचा ढीग. कुणी म्हणालं, खाडीवर जाऊ. मालूताई क्षणभर उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि घरी येऊन त्यांनी गणपती पुन्हा पाटावर बसवला. तळं मोकळं होईपर्यंत तो आता इथेच राहणार, असं जाहीर केलं.

गुरुजी धावत आले. उत्तरपूजा झाली, आता मूर्तीत देव नाही, असं त्यांनी शास्त्र सांगितलं.

"देव निघाला होता, गुरुजी," मालूताई म्हणाल्या. "वाट अडवलेली दिसली म्हणून परत आला. त्याला उपाशी ठेवू?"

अनंत चतुर्दशी गेली. पितृपक्ष लागला. तळं बुजताना ज्यांना काही वाटलं नव्हतं, ते पितृपक्षात घरात गणपती म्हटल्यावर कासावीस झाले. दर्शनाला रांग लागली. वर्तमानपत्रवाला येऊन फोटो काढून गेला. दारात रोज चपलांचा खच, संध्याकाळी आरती, मालूताई प्रत्येकाच्या हातावर खिरापत ठेवताहेत. नगरसेवकही आले आणि तळ्याकडे बघून हळहळले. माणसाच्या अर्जाने न हललेली फाइल देवाच्या धाकाने हलली. याचा आनंद मानावा की संताप करावा, मला कळेना. मी संताप केला.

टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहू लागला, तेव्हा आमच्याकडे राबिट उचलायला मशीन आलं. पायऱ्या मोकळ्या झाल्या, पलीकडे पाणी दिसू लागलं. साहेब स्वतः नारळ घेऊन दारात आला. सगळी बिल्डिंग त्याच्यामागे, झांजा घेऊन.

"बाई, तुमचं तळं मोकळं केलंय," तो म्हणाला. "आज विसर्जन उरकून घ्या."

आम्हाला वाटलं, आता मालूताई साहेबाला फैलावर घेणार. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. दारातल्या चपलांकडे पाहिलं, मग पाटाकडे. आवाज इतका हळू की मला पुढे सरकावं लागलं.

"पाणी अजून गढूळ आहे," त्या म्हणाल्या. "जरा निवळू दे. राहू दे त्याला आणखी दोन दिवस."

साहेबाने चमकून माझ्याकडे पाहिलं. पाणी चांगलं होतं, तो आत्ताच बघून आला होता, मीही बघून आलो होतो. पण स्वयंपाकघरात सगळ्यांना पुरतील एवढे मोदक वाफेवर होते, आणि उद्यापासून तिथे एका माणसाचा भात लागणार होता.

"फारच गढूळ आहे, साहेब," मी म्हणालो.

"फारच," मागून सगळे म्हणाले, आणि एकेक जण चपला काढून आत आला.