पाहुण्यांच्या पोटातला हायड्रोजन

पाहुण्यांची गाडी धरणगावला लागायच्या आधीच निंबाआप्पांच्या घरात मांजरीनं तुपाचं मडकं पालथं केलं.

खानदेशात वरण-बट्टीच्या जेवणात बट्टीवर तूप कमी पडलं, तर घराण्यातच काहीतरी कमी आहे असं धरतात. त्यातून आप्पांच्या लेकीचं, प्रमिलाचं, एक स्थळ मागच्या साली मोडलेलं. आज शिंदखेड्याहून झुलालभाऊ आणि भिकुबाई हे नवरदेवाचे आईबाप तिला बघायला येणार होते. हेही स्थळ हातचं गेलं, तर भाऊबंदांत तोंड दाखवायची सोय नव्हती. आप्पांनी थोरल्या पोराला, कौतिकला, सायकलवर पिटाळलं आणि त्यानं बाजारातून वनस्पती तुपाचा डबा आणला.

"कोनले सांगू नका बरं," आप्पांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, बापलेकांना बजावलं.

पंगत झोकात झाली. झुलालभाऊ बट्टी कुस्करत होते, आप्पा वरून तूप ओतत होते. "वा आप्पा! तूप शे का अमृत!" झुलालभाऊ म्हणाले. आप्पांचा जीव भांड्यात पडला. तिथंच थांबायचं की नाही? पण माणसाला नको तिथं कुतूहल सुचतं. आणखी तूप घ्यायला ते आत गेले आणि कौतिकला हळूच विचारून बसले, "हाई तूप बनाडतस कसं रे?"

कौतिक पुण्याला सायन्स शिकत होता आणि सुटीला घरी आला होता. "तेलमा हायड्रोजन मुरावतस, आप्पा. मंग तेल थिजस," असं म्हणून तो विडे आणायला सायकलवर निघूनही गेला.

हायड्रोजन! आप्पांच्या हातातली पळी तिथंच थांबली. हे नाव ते जन्मात विसरणार नव्हते. गेल्या दिवाळीत कौतिकनं एका बाटलीत जस्ताचे तुकडे आणि तेजाब घालून "आप्पा, हायड्रोजन देखा" म्हणत बाटलीच्या तोंडाशी काडी ओढली होती. फट्ट! वाकून बघणाऱ्या आप्पांची अर्धी मिशी गेली होती. आणि ती तर केवढीशी बाटली. झुलालभाऊंच्या पोटात तर आत्ता चार वाट्या तूप होतं.

जेवण आटोपलं. झुलालभाऊ ओसरीवर तक्क्याला टेकले, एक दणदणीत ढेकर दिली आणि त्यांनी बंडीच्या खिशातून बिडी काढली. आप्पांना पुन्हा ती बाटली दिसली. झुलालभाऊंची ख्यातीच अशी होती, की बिडी ओढल्याशिवाय ते कशालाच होय की नाही म्हणत नसत.

"आप्पा, आगपेटी शे का?"

खरं सांगावं तर तूप उघडं पडतं, गप्प बसावं तर पाहुणा उडतो. आप्पांनी आगपेटी पुढं केली आणि ती नेमकी पाण्याच्या तांब्यात पडली, म्हणजे त्यांनी पाडली.

"ऱ्हाऊ द्या. चुल्हामाईन इस्तो आना."

आप्पा निखारा आणायला म्हणून आत धावले आणि त्यांनी भरली घागर चुलीत ओतली. वर ठेवलेल्या चहाचं आधण गार पडलं.

"येड लागनं का तुम्हले?" धुरपदाबाई ओरडल्या.

"पाव्हना वाचाले जोयजे!" आप्पा कुजबुजले आणि बाहेर येऊन म्हणाले, "चूल इझी गयी, भाऊ."

झुलालभाऊंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग ते उठले, देव्हाऱ्यापाशी गेले आणि बिडी तोंडात धरून निरंजनावर वाकले. आप्पांना मागचापुढचा विचार राहिला नाही. त्यांनी झेप घेतली आणि फुंकर मारली.

निरंजन विझलं. सोयरिकीच्या दिवशी देवापुढचा दिवा, आणि तो यजमानानंच विझवलेला! माजघराच्या दारात उभ्या प्रमिलानं पदर तोंडात धरला. आप्पांना स्वतःच्याच श्रीमुखात मारून घ्यावीशी वाटली. लेकीचं लग्न त्यांनी आपल्या तोंडानं विझवलं होतं.

झुलालभाऊंनी पागोटं डोक्यावर चढवलं आणि बायकोला हाक मारली. "चाल व, निंघ आठेन. या घरमा पाव्हनाले इस्तो बी भेटत नही."

माजघरातून सगळं बघणाऱ्या भिकुबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"बठ्ठं देखं मी," त्या म्हणाल्या. "वैद्य सांगी सांगी थकना, बिडी सोडा. खोकलामुळे रातभर घर जागं ऱ्हास. पन यास्ले रोकानी कोनी हिंमत करी नही. आप्पास्नी देवना दिवा इझाडा, पन बिडी पेटू दिधी नही! अशा घरनीच पोर माले सून पाहिजे."

झुलालभाऊंनी तोंड उघडलं. पण बिडीशिवाय होय की नाही म्हणायची सवयच नव्हती. तोंड तसंच मिटलं, आणि तेवढ्यात भिकुबाईंनी सुपारी फोडूनही घेतली.

आप्पा सुटकेचा निःश्वास टाकत परसात गेले आणि त्यांनी गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. विडे घेऊन परतलेल्या कौतिकला त्यांनी मधूनमधून घोट घेत सगळं सांगितलं. कौतिक पोट धरून हसू लागला.

"अहो आप्पा, तेलमा मुरना मंग तो कसा फुटी? आते तुम्ही पी ऱ्हायनात, त्या पानीमाबी हायड्रोजन शे!"

तांब्या ओठांशीच थबकला. तो निम्मा रिकामा झाला होता.

समोरून धुरपदाबाई, निरंजन पुन्हा लावायला, शेजारणीकडून निखारा घेऊन येत होत्या. आप्पांनी एक हात तोंडावर घट्ट दाबला आणि दुसऱ्या हातानं त्यांना लांबच थांबायची खूण केली.