टिपकागदाच्या मागे दहा पावलं

फोटोवाल्याने वीस वर्षांत पासपोर्टच्या फोटोंशिवाय दुसरं काही काढलं नव्हतं. पण एका कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी फुटत्या लाटेचा फोटो हवा आहे, आजचा शेवटचा दिवस, असं वाचलं आणि तो म्हणाला, "लाट ती काय! रडक्या पोरापेक्षा कमीच हलते."

फोटो निवडला गेला, तर तो दुकानाच्या पाटीवर 'निसर्ग छायाचित्रकार' असं लिहिणार होता. रंगाऱ्याला सांगूनही ठेवलं होतं.

सोबत ताई आली. ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळते आणि धाकट्या भावाला अजून परीक्षानळी समजते: हातातून सुटला की फुटलाच.

किनारा थिजलेल्या लाव्हाचा, काळाकुट्ट.

"काळा दगड ओला की सुका, नुसतं बघून कळत नाही," म्हणत ताईने पिशवीतून टिपकागद काढले. दगडावर कागद दाबायचा. भिजला, तर पाणी तिथवर येतं. मग दहा पावलं मागे. आणि समुद्राकडे पाठ करायची नाही.

"ताई, अशाने समुद्र दिसेनासा होईल."

"तू दिसत राहशील. आईला तेवढं पुरे."

पाचव्या कागदाला खडक संपले. नवव्याला कॅमेऱ्याचं तिकाटणं रस्त्यापलीकडे गेलं. बाराव्याला दोघं सार्वजनिक मुतारीच्या ओट्यावर होती आणि तोही कागद भिजला.

"हा समुद्र नसावा," फोटोवाला म्हणाला.

"नियमात कारण विचारत नाहीत. दहा पावलं."

तेरावा कागद दाबायला ताई पुढे वाकली, उठली आणि आनंदाच्या भरात स्वतःचाच नियम विसरून भावाकडे वळली. "कोरडा!"

तेवढ्यात ती आली. दुमजली लाट. खडकांवरच्या पहिल्या चारही जागा तिने गिळल्या आणि ताईमागचं आभाळ फेसाने भरून टाकलं.

फोटोवाल्याने कॅमेरा रोखला, पण वीस वर्षांची सवय सुटली नाही. "हनुवटी जरा खाली. हलू नका," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

कॅलेंडरवाल्यांचं उत्तर एका ओळीत आलं: 'बाई छान आहेत, लाट कुठे आहे?'

पाटी जुनीच राहिली. ताईचा पासपोर्ट मात्र पहिल्या फेरीत झाला. खिडकीतला कारकून म्हणाला, "दोन्ही कान दिसताहेत, मागचा पडदा पांढराशुभ्र. असा फोटो काढणारा विरळाच."