परत येणार कशावरून?

माझ्या बायकोच्या आवाजाला फेलोशिप मिळाली आणि तो दहा महिन्यांसाठी परदेशी गेला. बायको घरीच राहिली.

हेमलता कऱ्हाडच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिका. सकाळी बाजारभाव, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग बायकांच्या दुखण्याखुपण्यांवर डॉक्टरीणबाईंशी गप्पा. विकसनशील देशांतल्या पत्रकार-निवेदकांना माध्यम आणि नेतृत्व शिकवणारी एक फेलोशिप उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात असते, असं तिच्या वाचनात आलं. परदेश बघायची हौस तिला लग्नाआधीपासूनची; आमची धाव महाबळेश्वरपर्यंत. तिने अर्ज केला आणि सोबत आपल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. आपला देश विकसनशील आहे हे एरवी कुणी आनंदाने सांगत नाही, पण निवड झाली त्या दिवशी आम्ही त्याच कारणाने पेढे वाटले.

खुलासा झाला तो व्हिसाच्या कचेरीत. खिडकीमागचा अधिकारी सभ्य होता. समितीने ऐकला तो आवाज, निवडला तो आवाज, तेव्हा जायचंही आवाजानेच, असं त्याने समजावून सांगितलं. शिवाय परत येण्याची हमी म्हणून मायदेशी काहीतरी तारण ठेवावं लागतं. घर चालतं, जमीन चालते.

"आवाजाच्या नावावर जमीन आहे का?" त्याने विचारलं.

नव्हती.

"मग तुम्हीच राहा," तो हेमलताला म्हणाला. "तुम्ही इथे असल्यावर आवाज परत येणारच. जाईल कुठे?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर, काचेच्या दारापाशी, हेमलताने मला फ्रिजमधलं दूध संपवायला सांगितलं आणि आवाज आत गेला. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली.

केंद्रप्रमुख घोरपड्यांनी आवाजाची अभ्यासरजा मंजूर केली. बाईंना मात्र रजा नव्हती, त्यामुळे हेमलता रोज केंद्रावर जाऊन फायली लावायची. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दिवसभर लोकांची बडबड ऐकल्यावर घरी शांतता हवी, असं मी जन्मभर म्हणत आलो होतो. तो भ्रमाचा भोपळा पहिल्या आठवड्यातच फुटला. मला तिची फार आठवण यायची, आणि ती समोरच बसलेली असायची.

रविवारी दुपारी आवाजाचा फोन यायचा. स्वारी खुशीत असायची. बाकीचे फेलो सगळे अंगानिशी आलेले, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. पण घानाची एक निवेदिका आणि नेपाळचा एक संपादक यांच्याशी चांगली गट्टी जमली होती. समोर मोठं तळं होतं आणि ते गोठायला लागलं होतं. हेमलता पाटीवर प्रश्न लिहायची आणि मी ते फोनवर वाचून दाखवायचो. बर्फाला वास असतो का? तिथल्या बायका सकाळी दारात काय करतात? उत्तर ऐकताना ती हनुवटीखाली हात घेऊन फोनकडे असं बघायची, की मला दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं.

एकदा आवाजाने सांगितलं की नेतृत्वाच्या वर्गात पोटातून बोलायला शिकवतात. "आणि पोट तर तिकडेच राहिलंय," तो म्हणाला. त्यानंतर तिकडचा वर्ग भरायची वेळ झाली की हेमलता पोटावर हात ठेवून ताठ बसू लागली. तिचा गळा हलताना मी पाहिला आहे.

मुदत संपत आली तेव्हा त्या संस्थेचं पत्र आलं. पुढच्या फेलोंना शिकवण्यासाठी त्यांना आवाज कायमचा ठेवून घ्यायचा होता. त्यासाठी तारणाची संमती लागत होती, आणि ती तोंडी, स्वतःच्या आवाजात.

फोन यायच्या आधी मी तिला स्पष्टच सांगितलं. "हेमा, नाही म्हण. मला तू घरात बोलायला हवीस." तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

फोनवर तिकडचे अधिकारी होते, त्यांच्याशेजारी आवाज. तारणाची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. माझी आहे, असं मी म्हणालो. नवऱ्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, हे त्यांनी अदबीने सांगितलं. मग हेमलता ताठ बसली, तिने खोल श्वास घेतला आणि तिचे ओठ हलले. पलीकडून आवाज आला, पूर्वीपेक्षा भरदार:

"माझी काही हरकत नाही. त्याला तिथेच राहू दे."

अधिकाऱ्यांनी दोघांचेही आभार मानले. हे आवाज आपल्या मनाने बोलला की काय, अशी शंका मी काढली. ते ठरवायचं तर तिचे ओठ बघायला हवे होते, असं ते म्हणाले. मी तेच बघत होतो.

आवाज परतायचा नाही म्हटल्यावर तारणाचं कारण उरलं नाही आणि हेमलता मोकळी झाली. लगेच पुढच्या आठवड्यात तिने मला त्याच कचेरीत नेलं. खिडकीमागे तोच अधिकारी होता. प्रवासाचं कारण तिला सांगता येईना, तेव्हा त्याने आपणच 'आवाजाची भेट' असं लिहिलं. मग त्याने विचारलं, "तुम्ही परत येणार कशावरून?"

हेमलता बाजूला सरकली. मागे मी होतो. अधिकाऱ्याने माझं दुकान, घर, वय आणि साखर विचारली आणि मला नीट न्याहाळलं.

"हे पुरेसे आहेत," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. यापुढे न कळवता गाव सोडायचं नाही, अशी समज त्याने मला दिली.

ती चैत्रात गेली. आता रविवारी तिचा फोन येतो. ती आपल्या तोंडाने बोलते हे लगेच कळतं, कारण मध्येच धाप लागते, घासही तोंडात असतो. गोठलेल्या तळ्यावरून ती चालत पलीकडे जाऊन आली. घानाच्या बाईंनी मायदेशी परतताना तिला आपले बूट दिले. ती इतकं बोलते की मला पाटी लागत नाही. मला विचारायचं असतं, पण कधी येणार हे तारणाने विचारायचं नसतं.

"अहो, तुम्ही घरीच आहात ना?" ती विचारते.

"घरीच आहे," मी सांगतो.

"मग बरं," ती म्हणते, आणि पुन्हा तळ्याबद्दल सांगू लागते.